दिंडोशीतून लावलेला कौल

आमच्या घरातून बाहेर पडायचं तर बाबांचे पाय वाटेत यायचे. दिंडोशीच्या कॉलनीतलं वन रूम किचन ते. दरवाजा उघडला की लगेच डाव्या हाताला लोखंडी कॉट आणि कॉटवर बाबा, पाय दाराकडे करून, कारण जिन्यातला वारा तिथेच लागतो. कॉट आणि समोरचं कपाट यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच वाट. "बाबा, पाय घ्या" म्हटल्याशिवाय कुणी आत यायचं नाही की बाहेर जायचं नाही. एरवी याची आम्ही चेष्टा करायचो. कोरोनाची दुसरी लाट आली, पुन्हा सगळं बंद झालं, आणि मला कळलं की आम्ही तिघं एका डब्यात आहोत आणि झाकणावर बाबा बसलेत.

तिघं म्हणजे सत्तरी ओलांडलेले बाबा, त्यांच्याहून थोडी लहान आई आणि मी, चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची, अजून आईबापाच्या घरात. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं गिरणीत घालवली. गिरणी बंद पडली, लालबागची खोली विकली, आम्ही इथे आलो, पण कापसाची धूळ त्यांच्या छातीत राहिली ती राहिलीच. एक मजला चढले तरी कठड्याला धरून उभे राहायचे. आईला साखरेचा आजार. टीव्हीवरचे डॉक्टर ज्यांना जास्त जोखमीचे म्हणायचे, त्यातले दोघं माझ्या घरात, आणि मी त्या दोघांच्या मध्ये चटई टाकून झोपायचे.

त्यात माझी नोकरी काय, तर विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासायची. ऑफिस बंद, म्हणून लॅपटॉप ओट्यावर. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला गेलेल्या माणसांचे कागद. आमचा धंदा माणसांच्या घोळक्यावर चालतो. एकटा माणूस कधी जाईल ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही, पण हजारो माणसं एकत्र घेतली की त्यातली साधारण किती जातील याचा अंदाज आम्हाला असतो. त्या महिन्यांत तो अंदाज पार कोसळला होता. दावे थांबतच नव्हते. पत्ते बघायला नको वाटायचे. मुलुंड, घाटकोपर, कांजूर, गोरेगाव. एकदा आमच्याच रस्त्यावरच्या सोसायटीचं नाव आलं. मी लॅपटॉप मिटला आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

म्हणून ज्येष्ठांना लस मिळायला लागली तशी मी मोबाइलला चिकटले. अ‍ॅपवर जागा दिसायच्या आणि नाव टाकेपर्यंत गायब व्हायच्या. डोक्याला नुसता ताप. शेवटी जवळच्या प्रसूतिगृहातल्या लसकेंद्रावरची दोघांची वेळ मिळाली. मी ओट्यावर हात आपटून म्हटलं, "झालं काम. परवा सकाळी दोघांनी तयार राहायचं."

बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "गावाक इचारूक व्हया."

गावाला विचारायचं म्हणजे देवाला कौल लावायचा. आमचं गाव मालवणच्या बाजूला. तिथे देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, आपला प्रश्न देवापुढे मांडतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडचे लोक लग्नाला, घराला, मोठ्या कामाला कौल लावतातच. पण बाबांचं सगळंच कौलावर. नवी शेगडी घ्यायची तरी गावाला फोन. मला दोन बरी स्थळं आली होती. एकाला डावा कौल झाला. दुसऱ्याला उजवा झाला, पण देव बोलेपर्यंत त्या मुलाचा साखरपुडा उरकला होता. मी हे हसत सांगते. लोकांना वाटतं, किती समजूतदार बाई. अहो, हसू नको तर काय करू?

बाबा आधी असे नव्हते. तरुणपणी युनियनवाले, मोर्चात सगळ्यांच्या पुढे. देवळात जायचे ते जेवणापुरते. माझ्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. तो रांगायला लागला तेव्हा लालबागला चाळीखाली लस टोचायचा कॅम्प लागला. गावाहून आजीने निरोप धाडला की देवाला विचारल्याशिवाय पोराला सुई लावू नका. बाबा हसले. मुलाला खांद्यावर टाकलं आणि टोचून आणलं. त्याच आठवड्यात तो गेला. डॉक्टर म्हणाले, छातीत न्यूमोनिया होता, सुईचा काही संबंध नाही. बाबांनी ते कानामागे टाकलं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली, की आपण देवाला विचारलं नाही आणि सुईने पोर नेलं. लहानपणी मला लस टोचली तीही कौल घेऊनच. ही सगळी कथा मी बाबांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल. ती निघाली की आई उठून आत जायची. मला वाटायचं, तिला सहन होत नाही.

तर हे सगळं मला माहीत होतं, तरी मी भांडले. "बाबा, लाखात एखाद्याला त्रास होत असेल. न घेता जाणारे किती आहेत ते मी रोज बघतेय, इथे, या ओट्यावर."

"तो लाखातलो एक कोणाच्या तरी घरचोच असता मा?" बाबा म्हणाले.

माझा आवाज चढला. "आणि न घेता मेलेले काय बिनघरचे असतात?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ठरलेल्या दिवशी आमची वेळ आली आणि गेली. केंद्रावरच्या आमच्या खुर्च्यांवर दुसरं कुणीतरी बसलं असेल.

कौल लागला तो व्हिडिओ कॉलवर. गावी माझा चुलतभाऊ मोबाइल धरून देवळात उभा, इथे बाबा आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून कॉटवर हात जोडून. समोर पोह्यांच्या डब्याला टेकवलेला माझा मोबाइल. आई स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभी. गुरवाचा मास्क हनुवटीला. त्याने सुरुवात केली, "बा देवा महाराजा, तुझा लेकरू मुंबयत अडाकला आसा..." आणि बाबा इकडून "व्हय महाराजा" म्हणाले. आवाज तिकडे उशिरा पोचायचा. गुरव पुढच्या वाक्यावर गेला की बाबांचं मागच्या वाक्याचं "व्हय महाराजा" यायचं. मला हसू येत होतं आणि हसताही येत नव्हतं, कारण खरं सांगायचं तर आईबापाचा जीव त्या दोन पाकळ्यांना टांगलेला होता.

पाकळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही.

गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा सगळे बघत बसले. चित्र अडकायचं, गोल गोल फिरायचं, बाबा डब्याजवळ तोंड नेऊन विचारायचे, "पडलो काय रे?" भाऊ म्हणायचा, "नाय काका." भावाचा हात भरून आला तसा देव पडद्यावर तिरका दिसायला लागला. मला ओरडावंसं वाटत होतं की अरे, कुणीतरी फुंकर मारा रे, कुठल्याही बाजूला मारा. शेवटी गुरव म्हणाला, "देवान राखून ठेवल्यान. पुढच्या सोमवारी बघूया."

देव नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. हो म्हणाला असता तर रिक्षा बोलावली असती. तो काहीच बोलला नाही, आणि त्याच्यावर काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. पुढच्या सोमवारपर्यंत गावची वेस बंद झाली. गुरवालाच ताप आला, त्याला शाळेत नेऊन वेगळा ठेवला, आणि देवळाला कुलूप लागलं.

"मगे आता?" मी विचारलं.

"थांबाक व्हया."

"किती थांबायचं?"

"देवूळ उघडापर्यंत," बाबा म्हणाले आणि पाय दाराकडे करून आडवे झाले.

त्यानंतरचे दिवस मला एकमेकांत मिसळलेलेच आठवतात. दूध, भांडी, दावे, बाबांचा खोकला. बाबा खोकले की आई आणि मी एकमेकींकडे बघायचो. नेहमीचा आहे की दुसरा? नेहमीचाच असायचा. पण दर वेळी ते बघणं चुकायचं नाही. वरच्या मजल्यावर बाबांच्या वयाचे एक काका होते, बाबा त्यांच्याबरोबर पत्ते खेळायचे. त्यांना एका सकाळी अँब्युलन्सने नेलं. ते जिन्यावरून स्वतःच्या पायाने उतरले, आमच्या दारापाशी थांबून बाबांना म्हणाले, "येतो रे, पत्ते पिसून ठेव." ते आले नाहीत. त्यांच्या बायकोला शेवटचं तोंडही बघू दिलं नाही. दोन दिवस ती वर एकटीच रडत होती आणि आमच्यापैकी कुणालाही तिच्याकडे जायची परवानगी नव्हती. छतातून सगळं ऐकू येत होतं. बाबा त्या दिवसांत जेवले नाहीत, पण लसीचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे फिरवायचे.

मला त्यांचा राग यायचा. साधासुधा नाही, दात आवळून यायचा. रोज वाटायचं की ही कॉट उचलून गॅलरीतून खाली टाकावी. आणि लगेच वाटायचं, हा माणूस स्वतःहून जाणार नाही आणि मी याला ओढून नेऊ शकत नाही. यांना काही झालं तर मी आयुष्यभर यांच्यावर ओरडत बसणार, आणि ऐकायला हे नसणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये आमचं वन रूम किचन.

एके दिवशी मी नळाखाली तांदूळ धूत होते. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि नळाच्या आवाजात मिसळेल इतक्या हळू म्हणाली, "माका घेवन जा."

मला आधी कळलंच नाही. आईने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. साडी दुकानात घेतानाही ती "तुका आवडात ती घे" म्हणायची.

"कुठे?"

"टोचूक. माझा एकटीचा नाव घाल."

"आणि बाबा?"

"ते पूजेक बसतत तेव्हा जावया."

आईने सगळा विचार करून ठेवला होता. बाबांची पूजा मोठी. देव्हारा स्वयंपाकघरात, त्यामुळे पूजेला बसले की त्यांची पाठ दाराकडे व्हायची. आणि दिवसातून तेवढा वेळच काय तो त्यांचा पाय वाटेत नसायचा. मला वेळ मिळाली तीही नेमकी सकाळची. त्या दिवशी आतून घंटी वाजायला लागली तशा आम्ही दोघी चपला हातात घेऊन बाहेर पडलो. माझ्या वयाची बाई आईला घेऊन बापाच्या चोरून पळतेय, आणि कशासाठी, तर सुई टोचून घ्यायला. जिन्यात मला हसू फुटलं. आई हसली नाही. ती कठडा धरून भराभर उतरत होती, अगदी मुलीसारखी.

रिक्षात ती बाहेर बघत राहिली. दुकानं बंद, रस्ता रिकामा, तरी एकेक पाटी वाचल्यासारखं बघत होती. केंद्रावर तिचा नंबर आला. नर्स म्हणाली, "आजी, घाबरू नका हां."

"घाबरूक काय झाला? टोच तू," आई म्हणाली आणि दुसरीकडे न बघता सुईकडे बघत राहिली.

मग अर्धा तास आवारात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं. काही त्रास होतो का ते बघायला. माझं लक्ष सारखं मोबाइलकडे, बाबांचा फोन येईल म्हणून. अर्धा तास झाला. मी म्हटलं, "चल."

"बस जरा," आई म्हणाली. "हय बरा वाटता."

समोर एक भिंत होती आणि तिच्यावर वाळत टाकलेल्या चादरी. आई त्या चादरींकडे बघत निवांत बसली होती. आम्ही अजून थोडा वेळ बसलो.

घरी आलो तर दरवाजा सताड उघडा. बाबा कॉटवर बसले होते, पाय खाली सोडून. पूजा अर्धीच टाकून उठले असावेत, हाताला गंध तसंच होतं.

"खय गेल्लात?"

आईने ब्लाउजची बाही वर करून दंडावरचा चिकटवलेला कापूस दाखवला.

बाबांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. रागाचा नव्हता तो. "देवाक इचारूक नाय," ते म्हणाले. "माका इचारूक नाय. माका न इचारता गेलंस?"

आई चपला काढत होती. त्या काढून तिने भिंतीला नीट लावून ठेवल्या. मग म्हणाली, "तुमी माका इचारलात?"

"कधी?"

"झिलाक न्हेलात तेव्हा."

पंखा फिरत होता. मी कपाटाला टेकून उभी, पुढे जायला जागा नाही, मागे जायला जागा नाही.

"पोराचा आंग आदल्या दिवसापासून तापला होता," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, तांदूळ निवडताना बोलावं तशी बोलत होती. "मी सांगलंय, आज नेव नकात, तेका बरा नाय, डागदराक दाखवया. तुमी म्हणालात, तुका काय कळता. आणि उचलून न्हेलात. सुयेन तेका मारूक नाय. तेका आधीच आजार होतो. डागदर सांगी होतो ता खरा होता. देवाक इचारूक नाय म्हणान इतकी वर्सा तुमी देवाक इचारीत रवलात. माका इचारूक व्हया होता."

मी त्या भावाबद्दल आयुष्यभर ऐकत आले होते. हे कधी ऐकलं नव्हतं.

बाबा उठले, दारापर्यंत गेले. बाहेर जिन्यात सोसायटीने वरचा मजला बंद करायला आडवा बांबू बांधला होता. खाली जाऊन तरी कुठे जाणार, बाग बंद, देऊळ बंद, पत्ते खेळणारा गेला. ते तसेच परत आले आणि कॉटवर बसले. आईने कुकर लावला. तीन माणसं, दोन खोल्या, आणि दर थोड्या वेळाने एकमेकांचा धक्का लागत होता.

दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. नर्सने सांगितलंच होतं, गोळीही दिली होती. मी दहादा बाबांना म्हटलं की हे होतं, सगळ्यांना होतं, उद्या उतरेल. पण बाबांच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते मला दिसत होतं. ते कॉटवरून उतरून जमिनीवर आईच्या चटईशी बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कित्येक वर्षांत जमिनीवर बसले नव्हते, पूजेलाही त्यांना स्टूल लागतं. पाण्यात रुमाल पिळून तिच्या कपाळावर ठेवत राहिले. रुमाल गरम झाला की पुन्हा पिळायचे. गावाला फोन केला नाही. देव्हाऱ्याकडे वळूनही बघितलं नाही. मधूनच विचारायचे, "बरा वाटता?" आई "हूं" म्हणायची. थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

दुपार कलली तसा तिला घाम फुटला. ताप उतरला. ती उठून भिंतीला टेकून बसली आणि चहा मागितला. मी आधण ठेवलं. बाबा अजून तिथेच बसले होते, ओला रुमाल हातात धरून.

"मी घेव काय गो?" त्यांनी आईला विचारलं.

चहाला उकळी आली, मी गॅस बारीक केला आणि मागे वळून बघायचं मला धाडस झालं नाही.

"घेवा," आई म्हणाली. "माका एकटीक मागे ठेवू नकात."

बाबांनी नाक ओढलं आणि मला हाक मारली. "गो बाय, ते उद्या किती वाजता उघडतत?"

मी म्हटलं, नऊला. दोघांच्या हातात चहाचे कप दिले आणि बाथरूममध्ये जाऊन बादलीत नळ सोडून रडले, कारण आमच्या घरात रडायला तेवढीच जागा होती.